विचारताय की सांगताय?

खान्देशात पंगतीला बसलेल्या माणसाच्या ‘नको’ला किंमत नसते. पहिलं ‘नको’ रीतीचं. दुसऱ्या ‘नको’ला वाढणारी बाई हसते आणि खापरावरचा अर्धा मांडा ताटात टाकते. तिसऱ्या वेळी पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तर त्याला खरंच नको असेल असा संशय घ्यायला जागा असते; तरी तेवढ्यात आमरसाची वाटी भरलेली असते. उलट, पहिल्याच विचारण्याला ‘हो, वाढा’ म्हणणारा अधाशी ठरतो, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान कंजूष. हे नियम कुणी आम्हाला शिकवले नाहीत, कुठे लिहिलेलेही नाहीत. पण तालुका बदलला तरी ते बदलत नाहीत.

माझ्या भाच्याला हे कळत नाही, असं सगळे म्हणतात. त्याचं पोट भरलं की तो ‘नको’ म्हणतो. एकदाच म्हणतो आणि ते खरं असतं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही नात्यातल्या एका घरी जेवायला होतो. याने ‘नको’ म्हटलं आणि त्यावर मांडा पडला. याने ताट शांतपणे पुढे सरकवलं, उठला आणि हात धुवून ओट्यावर जाऊन बसला. आत बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. परत येताना गाडीत त्याने मला विचारलं, “मामा, त्यांना ऐकायला कमी येतं का?” त्यात चेष्टा नव्हती. ‘नको’ म्हटल्यावरही माणूस उलटं वागला, याची त्याला सापडलेली ती सगळ्यात सभ्य शक्यता होती.

भाचा ऑटिस्टिक आहे. आता सत्ताविशीत आहे, बी.कॉम. आहे, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर नोकरीला आहे. ऑटिझम फार पसरट गोष्ट आहे. काही मुलं आयुष्यभर बोलत नाहीत, काही दिवसभर बोलतात, काहींना चोवीस तास कुणीतरी सोबत लागतं. म्हणून मी लिहितोय ते मुख्यतः या एका मुलाबद्दल आणि त्याच्याशी बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांबद्दल. आमच्याबद्दल जरा जास्तच, कारण त्याच्या बोलण्याची तपासणी लहानपणापासून होत आलीय. आमची कुणी केलेली नाही.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम येतो. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी मोजणी वापरतात तिला ‘इसा’ म्हणतात. त्यात ४० विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम धरतात. यादी सुरूच होते नजरेपासून: मूल नजरेला नजर देतं का? ताई ते वाचून माझ्याकडे बघत राहिली. आमच्या आईने सासऱ्यांच्या नजरेला नजर दिल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली, नजर जमिनीवर, आणि उत्तर द्यायचं तर दाराआडून. गाव त्याला मर्यादा म्हणायचं आणि तिचं उदाहरण इतर सुनांना द्यायचं. लहानपणी आम्हीही वडिलांच्या डोळ्यांत बघून बोललो तर ‘वर डोळे करून बोलतोस?’ असं ऐकायचो. आणि तिच्याच नातवाने डोळे खाली ठेवले तर त्याचे गुण लागतात.

डॉक्टरांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. आई सासऱ्यांसमोर मान खाली घालायची, पण चुलीपाशी जावांच्या घोळक्यात तिचे डोळे सगळ्यांत जास्त बोलायचे. भाचा स्वतःच्या आईकडेही सलग बघत नाही, हा फरक खरा आहे. पण त्याचं कारण विचारायला आम्हाला बरीच वर्षं लागली. तो म्हणाला, “डोळ्यांकडे बघितलं की शब्द पुसट होतात. मला ऐकायचं असतं, म्हणून मी खाली बघतो.” तेव्हापासून तो फरशीकडे बघायला लागला की मी समजतो, साहेब लक्ष देऊन ऐकताहेत. ऑटिस्टिक माणसांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलंय त्यात हे पुन्हा पुन्हा सापडतं. बघणं आणि ऐकणं ही दोन कामं त्यांना एकाच वेळी झेपतातच असं नाही.

ऑटिझमवरचं जुनं संशोधन मी वाचायला घेतलं तेव्हा त्यात एकाच बाजूची झडती दिसली. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन केलं, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी आणखी काही मुलांचं. त्यांच्याही आधी, १९२०च्या दशकात, सोव्हिएत रशियात ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशाच मुलांबद्दल लिहिलं होतं, पण त्यांचं नाव कित्येक दशकं कुणी घेतलं नाही. मग १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांची ती प्रसिद्ध चाचणी घेतली. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून डब्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला, म्हणजे गोटी खरंच जिथे होती ती जागा. त्यावरून निघालेला निष्कर्ष जगभर गेला: दुसऱ्याच्या मनात काय आहे ते या मुलांना ओळखता येत नाही. बरोबर सांगणाऱ्या चौघांबद्दल नंतर फारसं कुणी बोलेना. (तुलनेसाठी घेतलेल्या २७ सामान्य मुलांपैकीही चार चुकली होती. ती बिचारी कुठल्याच व्याख्येत गेली नाहीत.)

२०१२ साली डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने उलटा प्रश्न टाकला. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांचं म्हणणं असं: दोन वेगळ्या तऱ्हेने जग अनुभवणारी माणसं समोरासमोर आली की समजुतीचा घोटाळा दोन्हीकडून होतो. ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचं मन वाचता येत नसेल, तर बाकीच्यांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? याला त्यांनी दुहेरी समानुभूतीचा पेच म्हटलं. पण पेच दोघांचा असूनही उपचार एकाचेच होतात, कारण संख्येने जास्त असलेल्यांची चूक ही रीत ठरते.

मांडा वाढणाऱ्या आमच्या मामींना याच्या ‘नको’तलं ‘नको’ वाचता आलं नव्हतं. पण प्रमाणपत्र मामींचं निघालं नाही.

या विचाराची परीक्षा एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळाने घेतली. लग्नाच्या वऱ्हाडात पोरं खेळतात तोच खेळ. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला, आणि शेवटी किती उरली ते मोजायचं. ७२ माणसं, आठ-आठ जणांच्या नऊ रांगा. तीन रांगांत सगळे ऑटिस्टिक, तीन रांगांत कुणीच नाही, आणि तीन मिसळलेल्या. २०२० साली निकाल छापून आला: ऑटिस्टिकांच्या रांगेत गोष्ट जितकी टिकली तितकीच बाकीच्यांच्या रांगेत. मिसळलेल्या रांगेत मात्र ती लवकर झिजली. हा निकाल मिल्टन यांच्या बाजूने गेला आणि खूप गाजला. पुढे २०२५ साली याच मंडळींनी ३११ माणसं घेऊन तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. या वेळी मिसळलेल्या रांगाही बाकीच्यांइतक्याच निघाल्या. काहींना वाटलं, झालं, मिल्टन यांचा मुद्दा पडला. मला तसं वाटत नाही. एक म्हणजे ऑटिस्टिक माणसं निरोप पोचवण्यात कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसलंच. दुसरं म्हणजे गोष्ट जशीच्या तशी पुढे सांगणं हे बोलण्यातलं सगळ्यात सोपं काम. आमच्या घरातली भांडणं निरोप चुकल्यामुळे क्वचितच झालीत. निरोप बरोबर पोचला, पण त्यातून काय घ्यायचं होतं ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून झालीत.

मराठी घरात सरळ कुणी काही मागत नाही, हे मला भाच्यामुळे दिसलं. “दार उघडंच राहिलं वाटतं.” “आज पाणी कुणी भरलेलं दिसत नाही.” “या घरात कुणाच्या डोळ्याला काही दिसतच नाही.” “पंखा आहे ना रे?” दाजी तर तहान लागली की स्वयंपाकघराकडे तोंड करून नुसतं “ऊन काय आहे!” म्हणतात, आणि पाणी येतं. लहानपणी भाचा या वाक्यांना उत्तरं द्यायचा. हो, दार उघडं आहे. नाही, पाणी कुणी भरलं नाही. पंखा आहे, खेतानचा. त्याला मार बसला नाही, ताई तशी नाही, पण उद्धट म्हणून तो नात्यात प्रसिद्ध झाला. बारा-तेराचा असताना त्याने स्वतःच यावर तोड काढली. समोरच्याचं वाक्य संपलं की तो विचारायचा, “हे विचारताय की सांगताय?”

हा प्रश्न फार अवघड आहे. एकदा ताईने त्याला म्हटलं, “उद्या मावशीकडे जायचं का?” त्याने विचारलं, “विचारतेस की सांगतेस?” ताई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. ती सांगत होती. पण त्याने ‘नाही’ म्हटलं असतं तर तिला राग आला असता, आणि वर ती म्हणाली असती, मी तर फक्त विचारलं. दोन्ही बाजूंनी तिचंच खरं. आपल्या गोड बोलण्यात हा हुकूम किती ठिकाणी दडलेला असतो! ऑफिसात साहेब ‘जमलं तर बघा’ म्हणायचे तेव्हा ते आम्ही कधी न जमवलेलं मला आठवत नाही.

आता ताईकडे पद्धत ठरलीय. सांगायचं असेल तर सांगायचं. विचारायचं असेल तर येणारं उत्तर मान्य करायचं. याचा फायदा भाच्यापेक्षा दाजींना जास्त झालाय, त्यांना बायकोच्या मनात काय आहे ते तीस वर्षांनी पहिल्यांदा नीट कळायला लागलंय. तोटा असा की पाहुणे आले की ताईचं घर जरा रुक्ष वाटतं. चहा एकदाच विचारला जातो.

जिनिंगमधली गोष्ट मात्र मला अजून नीट सोडवता आलेली नाही. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, ओलावा मोजतात, मग माल खाली करून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. खाजगी व्यापाऱ्याकडे घासाघीस चालते, पण आकडा सगळ्यांना ऐकायचा असतोच. भाच्याच्या आधी तिथे जो माणूस होता तो आकडा कधी थेट सांगायचा नाही. “दादा, यंदा पाऊस लांबला, काय करणार... बघू, शेठशी बोलतो... तुम्ही चहा तर घ्या.” आकडा त्या चहानंतर यायचा. भाचा यंत्र वाचतो आणि म्हणतो, “चौदा.” बस्स.

काही शेतकऱ्यांना हे आवडतं. इथे लपवाछपवी नाही, असं ते म्हणतात, आणि यावरून ‘ऑटिस्टिक माणूस किती प्रामाणिक’ अशी गोड गोष्ट सहज लिहिता येईल. पण मी तिथे बसलेलो असताना एक म्हातारा आला होता. पारोळ्याकडून भाड्याच्या ट्रॅक्टरने माल आणलेला, सोबत सून. “चौदा,” भाचा म्हणाला. म्हातारा काट्याच्या खोलीच्या पायरीवरच बसला. त्याला आकडा हवाच होता, पण आकड्याच्या आधी दोन वाक्यंही हवी होती. ती वाक्यं खोटी असली तरी त्याला चालली असती. ती पायरीसारखी असतात, धाडकन खाली पडू नये म्हणून. भाच्याला त्याचं दुःख दिसलं नाही असं मुळीच नाही. रात्री जेवताना त्याने स्वतःहून हिशेब मांडला: भाडं किती, परत नेऊन वाळवायला किती दिवस, तोवर भाव पडला तर नुकसान किती. तो दिवसभर त्या म्हाताऱ्याचाच विचार करत होता. पण ते म्हाताऱ्याला कसं कळणार? आणि म्हाताऱ्याला चहा हवा होता हे भाच्याला कसं कळणार? दोघंही चांगली माणसं होती. शेठने आता बोलणी करायला एक वेगळा माणूस ठेवलाय. काट्यावर भाचा, चहावर तो. व्यवहार म्हणून हे ठीक आहे.

माया दाखवायची त्याची रीतही वेगळी आहे. पावसाळ्यात तो मला रोज सकाळी हतनूर धरणाची स्थिती पाठवतो. तापीवरच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. किती उघडे, किती मीटरने, विसर्ग किती क्युसेक, एवढंच. खाली ना नमस्कार, ना गुलाबाचं फूल. बरेच दिवस मला वाटायचं की त्याला धरणाचा नाद आहे. नाद आहेच. पण तो ही माहिती सगळ्यांना पाठवत नाही. मला, ताईला आणि भुसावळच्या त्याच्या एका मित्राला, एवढ्यांनाच. ज्याला आपली सगळ्यात आवडती गोष्ट द्यावीशी वाटते त्यालाच तो ती देतो. आमच्या अहिराणीत माणूस भेटला की “जेवन व्हयनं का?” विचारतात, त्यात जेवणाचा संबंध जितका, तितकाच इथे क्युसेकचा. तो भुसावळचा मित्रही ऑटिस्टिक आहे. दोघं भेटतात तेव्हा एक अर्धा तास धरणांवर बोलतो, मग दुसरा अर्धा तास जुन्या नाण्यांवर. मध्ये कुणी कुणाला तोडत नाही, ‘घरचे कसे आहेत’ विचारत नाही. आणि दोघंही घरी जाताना इतके खूश असतात की माझ्या पन्नास वर्षांच्या मित्रमंडळात मी तसा क्वचितच असतो.

ताईच्या गल्लीत एक सहा वर्षांचा मुलगा आहे. तो अजून स्वतःची वाक्यं बोलत नाही. पण दुपार झाली की दाराशी उभा राहून स्टेशनवरच्या बाईंच्या आवाजात म्हणतो, “यात्रीगण कृपया ध्यान दें.” बाहेर घेऊन चला, असा त्याचा अर्थ. त्याच्या आजीला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ऐकलेलं परत म्हणणं ही नुसती पोपटपंची समजून पूर्वी ते बंद करायचा प्रयत्न व्हायचा. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं की त्यात बहुतेक वेळा मागणं असतं, होकार असतो, कधी स्वतःला धीर देणं असतं. भाच्याचं त्या मुलाशी चांगलं जमतं. तो त्याला गाडीचा नंबर सांगतो.

भाचा हल्ली चारचौघांत बराच ‘सुधारला’ असं नातेवाईक म्हणतात. सुधारणा काय, तर त्याने आमची वाक्यं पाठ केलीत. श्रावणात कानबाईला आमच्याकडे सगळी भाऊबंदकी जमते, सुरतेपासून पुण्यापर्यंतची. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. माणसांनी घर फुगलेलं असतं. भाचा दारात उभा राहून प्रत्येकाला म्हणतो, “या या, प्रवास बरा झाला ना?” नेमकं तेच वाक्य, त्याच सुरात. उत्तर काहीही आलं तरी “अरे वा” म्हणतो. हे त्याने आमच्याकडे बघून, चुका मोजून जमवलंय. सोमवारी विसर्जनाहून आला की तो मागच्या खोलीत दिवे बंद करून पडतो, तो मंगळवारी संध्याकाळपर्यंत. जेवणही आत. ऑटिस्टिक माणसांच्या या सोंगावर आता बराच अभ्यास झालाय, आणि त्याचा संबंध थकव्याशी, चिंतेशी, नैराश्याशी दिसून आलाय. पाहुण्यांना “या या” दिसतं. मागची खोली दिसत नाही.

सध्या घरात विषय आहे त्याच्या लग्नाचा. लग्न करायचं हे त्यानेच काढलं. समाजाच्या परिचय मेळाव्याला मात्र तो साफ नाही म्हणाला, आणि मी त्याच्या बाजूने आहे. मंगल कार्यालयाचं स्टेज, हातात माइक, अर्ध्या मिनिटात नाव, उंची, शिक्षण, शेती किती, अपेक्षा काय. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जवळपास असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या फिती लोकांना दाखवल्या. तेवढ्यातच लोकांनी ऑटिस्टिक माणसांना कमी पसंती दिली, त्यांच्याशी बोलायला, शेजारी बसायला ते कमी तयार झाले. पण तीच वाक्यं नुसती कागदावर वाचायला दिली, आवाज आणि चेहरा काढून टाकला, तर हा फरक उरला नाही. म्हणजे नापसंती बोलण्याला नव्हती, बोलताना तो कसा दिसतो-वाजतो याला होती. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याच्या शब्दाला आजही सगळ्यांत जास्त मान आहे. जमिनीच्या वाटणीचा वाद त्याच्याच एका मेसेजने मिटला होता. समोर बसून तो तेच बोलला असता तर कुणी ऐकून घेतलं नसतं.

म्हणून त्याने अट घातलीय की मुलीकडच्यांशी आधी लिहून बोलायचं, निदान महिनाभर. ऑटिझम आहे हे पहिल्याच पानावर लिहायचं. याला ताई तयार आहे, दाजी कुरकुरत तयार आहेत. अडलंय ते बायोडाट्यातल्या शेवटच्या रकान्यावर. ‘अपेक्षा’ या शब्दापुढे बाकीची मुलं ‘सुशिक्षित, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’ असं लिहितात. याने लिहिलंय: “रात्री नऊनंतर माझ्याशी महत्त्वाचं बोलू नये. मला शब्द सापडत नाहीत आणि मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो.” ताईने ते दोनदा खोडलं, त्याने दोनदा परत लिहिलं. ताई म्हणते, असं वाचून कोण मुलगी देईल? तो म्हणतो, हे वाचून जी देईल तिच्याशीच मला करायचंय. मी आतापर्यंत पाहिलेल्या बायोडाट्यांत नवऱ्या मुलाबद्दल इतकी उपयोगी माहिती एकातही नव्हती, असं मी ताईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “भाऊ, तू विचारतोयस की सांगतोयस?” मी म्हटलं, सांगतोय. प्रिंट अजून काढलेली नाही.